थडग्यापुढचे जोडे

चुसोकच्या, म्हणजे पितरांच्या सणाआधी थडग्यावरचं गवत कापायला नदीच्या दोन्ही काठांची माणसं माझ्याच नावेतून बेटावर येतात. पूर्वेचे म्हणतात, इथे सेनापती पुरलाय; पश्चिमेचे म्हणतात, नवरी. म्हणून दरवर्षी थडग्यापुढे पुरुषाचे आणि बाईचे असे नवे रबरी जोडे ठेवले जातात.

यंदा भर दुपारी पूर्वेचे देओकसूकाका आणि पश्चिमेच्या मालसुनआजी भांडतच उतरले.

"तुमची नवरी कधीच पळून गेली असेल!"

"तुमच्या सेनापतीसारखी?" आजींनी सुनावलं.

थडग्यापाशी दोघंही थबकले. गेल्या वर्षीच्या दोन्ही जोड्यांचे तळ पार झिजले होते. त्यांच्या मधोमध चिमुकले, ओले जोडे होते.

तिथून इवली अनवाणी पावलं वाळूत उमटत माझ्या नावेपर्यंत गेली होती.

परतायला तेवढी एकच नाव होती. ती रिकामी दिसत होती, आणि एका बाजूला कलली होती.