गरम घास

सुट्टीत एकदा तरी जागेवर बसून गरम गरम जेवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

पहिल्या दिवशी हॉटेलात बुफे. धाकटीला पास्ता, थोरल्याला तोच पण सॉस नको, मग धाकटीलाही सॉस नको. या फेऱ्यांत तिच्या ताटातला भात गार दगड झाला.

"उद्या टेबलावरच मागवू. तू आपली राणीसारखी बस," नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी राणी बसली. पण जेवण येईपर्यंत युवराज टेबलाखाली आणि राजकन्या पडद्याला लोंबकळलेली! दोघांना बाहेरच्या टाकीतले मासे दाखवून ती परतली, तोवर सुपावर साय धरली होती.

"आगीतून फुफाट्यात," ती पुटपुटली.

शेवटच्या दुपारी मात्र नवऱ्याने कमालच केली. "पोरांना मी बागेत नेतो. तू एकटी निवांत जेव. आणि खबरदार, मागे यायचं नाही!"

तिने खिडकीजवळची जागा धरली. वेटरने वाफाळतं ताट पुढ्यात ठेवलं. कुणी रडत नव्हतं, कुणी सांडत नव्हतं. तिने बटाट्याचे बारीक तुकडे केले आणि चमचा भरला.



"मॅडम, फार गरम आहे का?" वेटरने विचारलं, तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की फुंकर घालून घालून गार केलेला तो चमचा तिने समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे धरलाय, आणि स्वतःच 'आ' करून बसलीय.