दुखणं थांबलं तेव्हा

"अहो, दुखायचं थांबलं. आता सीटी स्कॅन कशाला? घरी जाऊ," स्ट्रेचरवरून मालन नवऱ्याला, दिगंबरला म्हणाली. मोठ्या आतड्याच्या सुजेनं आठवडाभर तळमळणारी मालन आज पहिल्यांदाच हसली होती.

डॉक्टर सबनीस मात्र हसल्या नाहीत. "सुजेसाठी दिलेल्या स्टिरॉइडमुळे दुखणं झाकलं जातं. पोट असं एकाएकी शांत झालं, की मला भीती वाटते. स्कॅन आत्ताच करायचा."

"तिला बरं वाटतंय, तेही तुम्हाला खपत नाही?" दिगंबर कडाडला. डॉक्टर स्वतःच स्ट्रेचर ढकलू लागल्या.

थोड्या वेळानं त्यांनी त्याला संगणकाच्या पडद्यासमोर बोलावलं. सुजून जाड झालेल्या आतड्याबाहेर हवेचा काळा पट्टा दिसत होता. "आतडं फुटलंय. ते काढून पोटावर शौचासाठी पिशवी बसवावी लागेल. नाहीतर ती वाचणार नाही."

दिगंबरनं संमतीपत्रावर सही केली.

मालन वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं चादर सारून पोटावरची पिशवी पाहिली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "आता माझ्याजवळ बसू नका," ती पुटपुटली.

दिगंबर खुर्ची ओढून तिला खेटून बसला आणि नर्सला म्हणाला, "पिशवी बदलायची कशी, ते आधी मला शिकवा."