दोन गिटारी, एक ओरखडा

"डोळे मिटा," दुरुस्तीवाला म्हणाला. "आता सांगा, तुमची कुठली?"

तिनं डोळे मिटले. त्यानं एक गिटार छेडली, थांबला, मग दुसरी छेडली.

"पहिली," ती म्हणाली.

"चुकलात. ती नवी." तो हसला. "वाईट वाटून घेऊ नका, भल्याभल्यांची दांडी उडते. लाकडाची असती तर कुणालाही कळलं असतं. लाकूड वाजून वाजून मुरतं. हे कार्बन फायबर. उन्हात टाका, पावसात टाका, जन्मभर वाजवा, ढिम्म. याला कशाचं काही वाटतच नाही."

तिला वाटलं, हा आपल्याबद्दलच बोलतोय.

टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी पडल्या होत्या. काळ्याभोर, जवळून पाहिलं की विणलेल्या कापडासारखी जाळी दिसणाऱ्या. फरक एवढाच की तिच्या गिटारीची चकाकी हात टेकायच्या जागी उडाली होती आणि पाठीवर चंद्रकोरीसारखा ओरखडा होता. नवऱ्याच्या पट्ट्याच्या बकलाचा.

"मांडीवर घेऊन बघा," तो म्हणाला. "आवाज फसवतो, अंग फसवत नाही."

तिनं आळीपाळीनं दोन्ही घेतल्या. वजन तेच. दांडा तसाच गार, गुळगुळीत. तार ओढली की पोटाशी घुमायचं. दोन्ही घुमल्या. आत काही हललं नाही. ओरखड्यावरून तिनं बोट फिरवलं. पूर्वी त्यात नख अडकायचं, आता बोट सरळ घसरून गेलं. बोटंही बधिर झाली असतील, म्हणून तिनं गिटार खाली ठेवली.

नवरा ट्रक चालवायचा. केबिनमधल्या उन्हानं लाकडी गिटारीचं पोट फुगायचं, मान वाकायची, म्हणून ही घेतली. एका थांब्यावर तो स्टेअरिंगवर डोकं ठेवून गेला. मागच्या सीटवरची गिटार तेव्हाही सुरात होती.

सांत्वनाला आलेली माणसं चहा प्यायली आणि घरात काय काय शिल्लक आहे ते बघून गेली. त्याच गर्दीत सासूबाई म्हणाल्या, "गिटार माझ्याकडे राहील. नवरा दुसरा मिळतो, मुलगा मिळत नाही."

सगळ्यांना एकदम कपबशीत बघायचं काम लागलं. शेवटी मामेसासऱ्यांनी तोड काढली. सहा महिने सुनेकडे, पुढं कायमची आईकडे.

सुरुवातीला ती रोज गिटार पोटाशी धरून ढसाढसा रडायची. मग एकदा सासूबाई आल्या. "तारा गंजल्यात गं, बदलून आणते," म्हणून घेऊन गेल्या आणि आठवड्यानं नव्या तारा लावून परत दिली. म्हातारीला पाझर फुटला म्हणायचा, असं तिला वाटलं. त्याच सुमाराला तिचं रडणं आटलं. ती गिटार घ्यायची, धरायची, बसून राहायची. काही व्हायचं नाही. शेजारीण म्हणाली, "काळासारखं औषध नाही बघ." अशा बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटायला हवी. तेवढंही वाटलं नाही.

येत्या रविवारी सहा महिने भरत होते. सासूबाई रिक्षा करून येणार होत्या.

द्यायची नाही, एवढं मात्र तिनं ठरवलं होतं. या गिटारीनं आता रडू येत नव्हतं, तरी द्यायची नाही. त्याच्या अंगाला लागलेली ही शेवटची वस्तू. एक दिवस रडू परत आलं तर हातात काय धरायचं? हुबेहूब दुसरी घ्यायची, तिच्यावर याच खुणा उठवायच्या आणि ती सासूबाईंच्या गळ्यात मारायची. एका डोळ्यात मोतीबिंदू, एका कानात यंत्र. त्यांना कुठं काय कळतंय!

अशा गिटारींचं गावात एवढंच दुकान होतं. आल्या आल्या यानं तिची गिटार उलटी करून पाहिली आणि विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत," ती म्हणाली. नवऱ्याचं इथं येणं-जाणं असेल. शिवाय सहा महिने जो तो हेच विचारत होता. आई कशा आहेत, आईंना जप, आईंकडे बघ. तू कशी आहेस, हे विचारताना लोकांची जीभ झडत होती.

"मग? घेताय नवी?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं.

"घेते. पण अगदी अशीच दिसायला हवी. ओरखड्यासकट."

"कुणासाठी?"

"घरातल्याच माणसासाठी."

"घरातल्याच माणसासाठी करायचं असतं हे," तो म्हणाला. "परक्याला फसवायला एवढी मेहनत कोण घेतो?"

ती हसली नाही. त्यानंही वाट पाहिली नाही. हात टेकायच्या जागेवर त्यानं पॉलिश पेपर घासला. चकाकी उतरत गेली. मग नवी गिटार पालथी घातली, बोथट टोकाची सळई घेतली, आणि तिच्या गिटारीकडे न बघताच नेमक्या जागी टेकवली.

"नमुना बघत नाही?" तिनं विचारलं.

"हात बसलाय आता," तो म्हणाला, आणि सळईवर जोर दिला. "या वेळी जरा खोल काढतो. मागचा उथळ झाला, त्यात नखसुद्धा अडकत नव्हतं. परत करून देतो म्हणालो, तर तुमच्या आई म्हणाल्या, 'असू दे हो, सुनेला कुठं काय कळतंय!'"