शेजारच्या दारातली टकटक

अपघातानंतर वर्षभर त्याने गाडीला हात लावला नव्हता. आता कुठे पुन्हा चालवायला लागला, तर गाडीनेच दुखणं काढलं. वेग वाढला की बायकोच्या बाजूच्या दारातून टकटक ऐकू यायची. मेकॅनिकने दार उघडून पाहिलं, बिजागऱ्या आवळल्या, एकट्याने चक्करही मारून आणली. पण आवाज म्हणून नाही.

"तुम्हीच चालवा. वहिनींना रोजच्यासारखं शेजारी बसू द्या," असं म्हणून मेकॅनिक मागच्या सीटवर बसला.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर समोरून ट्रक आला आणि टकटक सुरू झाली. मेकॅनिकने पुढे वाकून पाहिलं आणि तो हळूच म्हणाला, "साहेब, गाडी जरा बाजूला घ्या."

बायकोने दाराचं हँडल घट्ट धरलं होतं. तिचा हात थरथरत होता आणि बोटातली अंगठी हँडलवर आपटत होती.

"अगं, सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा गाडी सोडून दिली असती."

तो स्टीअरिंगकडे बघत राहिला. "आणि मी तुझ्या जिवावर चालवत होतो. म्हटलं, ही एवढी निवांत बसते, मग आपण कशाला घाबरायचं?"

दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही आवरेना. मेकॅनिकने घसा खाकरला. "परत जाताना मी चालवू का?"

"नको," दोघंही एकदमच म्हणाली.