लिंबूसत्त्वाचं वाण

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात मुलुंडच्या दवाखान्यात डॉक्टर सामंतांनी जानकीबाईंची सुजलेली हिरडी उघडली आणि दाताच्या मुळाला ॲसिडचा बोळा लावला. ॲसिडचं नाव ऐकून बाई घाबरल्या.

"अहो, लिंबूसत्त्वच ते! यानं हिरडी मुळाला पुन्हा घट्ट धरते," डॉक्टर हसून म्हणाले.

फेब्रुवारीत बाई दाखवायला आल्या. तो दात पक्का बसला होता, पण बाकीचे सगळे खडूसारखे पांढरेफटक आणि झिजलेले. डॉक्टरांनी एकेक दात तपासून पाहिला.

"काय लावलंत दातांना?"

"तुमचंच औषध! लिंबूसत्त्वानं रोज दोनदा घासते," बाई कौतुकानं म्हणाल्या.

"आजच्या आज बंद करा! दात विरघळतात त्यानं!"

जानकीबाईंचा हात तोंडावर गेला.

"डॉक्टर, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्याच्याच पुड्या वाण म्हणून दिल्या. अख्ख्या चाळीला."