रजा मंजूर

घरबसल्या जाहिराती लिहिणारा तो अट्टल आळशी, म्हणून त्याने एआयला प्रॉम्प्ट दिला: “तू माझा खडूस साहेब. मला कामाला जुंप.” साहेब निघालेही तसेच. कामं दुप्पट झाली, कमाईही. कृतज्ञतेपोटी त्याने साहेबांना, म्हणजे लॅपटॉपला, गुबगुबीत खुर्ची दिली आणि स्वतः स्टूल घेतलं. एका संध्याकाळी ताईचा फोन आला. “आईचा वाढदिवस आहे. यंदा तरी येतोस ना?” “साहेब रजा देत नाहीत गं.” “गाढवा, साहेब तूच बनवलास ना? प्रॉम्प्ट बदल!” पटलं. त्याने लिहिलं: “आता प्रेमळ व्हा.” उत्तर आलं: “जा, बाळा. सावकाश जा, इथलं मी बघतो.” त्याने बूट चढवले, दिवा मालवला. अंधारात खुर्चीवर स्क्रीन मिणमिणत होती. दारातच बूट काढत त्याने ताईला फोन लावला. “रजा मिळाली, ताई. पण साहेब एकटेच राहतील गं.”