आठ कोअर

"आणखी चार कोअर दे," पाटणकर साहेब म्हणाले. मृदुलाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हॉस्पिटलचे रिपोर्ट काढणारं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा एक हिस्सा वापरणारा आभासी संगणक, सकाळपासून रडतखडत चाललं होतं. मघाशीच तिने त्याला दिलेले प्रोसेसरचे कोअर चाराचे आठ केले होते, तर ते जास्तच रेंगाळायला लागलं होतं.

तिने स्क्रीनवरचे आकडे पुन्हा वाचले. त्याच सर्व्हरवर इतर मशीनंही कोअर वापरत होती. आठही एकदम मोकळे मिळाल्याशिवाय हे कामाला हातच लावत नव्हतं. पाच मोकळे झाले तरी उरलेल्या तिघांसाठी खोळंबून राहायचं. तिने दोनच कोअर ठेवले. रिपोर्ट भराभर निघू लागले.

"कमी करून वेग वाढला?"

"सगळ्यांची वाट बघणं थांबलं, साहेब."

तेवढ्यात सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, दादाला याही महिन्यात सुट्टी नाही. अक्का दिवाळीनंतर बघू म्हणतेय."

आई मार्चमध्ये गेली. चौघांनी मिळूनच अस्थिविसर्जन करायचं ठरलं होतं. कलश अजून परसातल्या आंब्याला टांगलेला होता.

मृदुलाने स्क्रीनवर भराभर निघणाऱ्या रिपोर्टकडे पाहिलं.

"रविवारी तू मोकळा आहेस?"

"आहे की."

"मग कलश उतरवून ठेव. मी येते."